गडग्याबाहेरचे गुरुजी

शाळेत हजर व्हायला गेलो, त्या दिवशी गुरुजींनी माझा नेमणुकीचा कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "तुम्हाला ऐकू नीट येतं ना?"

मी म्हटलं, "येतं."

"दोन्ही कानांनी?"

"दोन्ही कानांनी."

"मग बरं," असं म्हणून त्यांनी कागद हजेरीपटात ठेवून दिला. किती टक्के मिळाले, कुठला, कोणाचा, जेवणाची सोय काय केलीत, यातलं काही विचारलं नाही. मी कराडकडचा, बाविशीतला, समुद्र त्याच आठवड्यात पहिल्यांदा पाहिलेला. मला वाटलं, म्हाताऱ्याला स्वतःला कमी ऐकू येत असणार, म्हणून दुसऱ्याचे कान तपासतोय. पुढं कळलं की इतके तिखट कान मी जन्मात पाहिले नव्हते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. रत्नागिरीहून पूर्णगडकडे जाताना समुद्राच्या बाजूला एक वाडी लागते. तिचं नाव सांगत नाही, कारण यातली बरीच माणसं अजून तिथं आहेत. शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे, आणि मुख्याध्यापकही तेच. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. शाळेच्या पडवीला लागून एक खोली होती, तिथं ते एकटेच राहत. पायजमा, लांब सदरा, काळी टोपी, आणि सदऱ्याच्या डाव्या खिशात खडूचे तुकडे. खडू नखाएवढा झाला तरी टाकायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. फळ्यावर तो धरवेनासा झाला की त्यांच्या खिशात जाई. मी याला सरळ कंजुषी समजलो. असल्या समजुती करून घ्यायला मी फार तत्पर होतो.

दिवेलागण झाली की गुरुजी चपला घेऊन बाहेर पडत. पायात घालून नव्हे, हातात घेऊन. कुठं निघालात असं विचारलं की म्हणत, "ऐकायला." काय ऐकायला, ते कधी सांगत नसत. वाडीत भजन होई ते शनिवारी, आणि रेडिओ होता तो दुकानदाराकडे, तोही बिघडलेला. महिनाभर मी कसाबसा दम धरला आणि एका संध्याकाळी त्यांच्या मागं निघालो.

तिथं प्रत्येक घराच्या अंगणाला गडगा असतो, म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची कमरेएवढी भिंत. गुरुजी पहिल्या घराच्या गडग्याबाहेर उभे राहिले, एक हात चिऱ्यावर, मान खाली. आत कोणी पोर मोठ्यानं वाचत होतं. पोराचं वाचून झालं, तसा गुरुजींनी खिशातून खडू काढला, चिऱ्यावर एक रेघ ओढली आणि पुढं सरकले. दुसऱ्या घरापाशी तेच, फक्त तिथं त्यांनी गोल काढला. मी माडाच्या आडोशानं चाललो होतो आणि स्वतःवर बेहद्द खूश होतो. तिसऱ्या घरापाशी गुरुजी मागं वळूनही न बघता म्हणाले, "तुमच्या चपला वाजतात. काढा, आणि शेजारी येऊन उभे राहा."

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर अठरा घरं फिरलो, आणि पुढंही अधूनमधून जाऊ लागलो. शाळेत जाणारं मूल असलेली घरं तेवढीच होती.

गुरुजी मुलांना लेखी अभ्यास कधी देत नसत. "घरून लिहून आणलेलं कोणाचं असतं ते देवाला ठाऊक. वाचलेलं मात्र ज्याचं त्याचंच," असं त्यांचं म्हणणं. त्यांनी अभ्यास दिला होता तो घरांना. दिवा लागला की मुलानं एक पान मोठ्यानं वाचायचं. पुस्तक मुलाच्या हातात नाही, आईच्या मांडीवर. आणि पान आईनं उलटायचं. मुलानं 'आता उलट' असं सांगायचं नाही, ही सक्त ताकीद.

मी म्हटलं, "अहो, पण निम्म्याहून जास्त आयांना अक्षर येत नाही. त्यांना काय कळणार पान कधी उलटायचं ते?"

"म्हणून तर त्यांना लक्ष द्यावं लागतं," गुरुजी म्हणाले. "येत असतं तर डुलक्या घेतल्या असत्या."

खुणांचा हिशेब सोपा होता. नीट वाचलं तर रेघ, अडखळलं तर गोल, वाचलंच नाही तर कोरा चिरा. सकाळी अंगण झाडताना बायका आधी चिरा बघत आणि मग शेजारणीचा चिरा बघत. मासे विकणारी एक दांडगी बाई होती, ती एकदा टोपली डोक्यावर घेऊनच शाळेच्या दारात आली.

"गुरजी, आमच्या चिऱ्यावर गोल का काढलाव? माज्या पोरानं तर धडाधड वाचलान."

"धडाधड वाचलं म्हणूनच गोल. एकदाही दम घ्यायला थांबला नाही. कुठं वाक्य संपलं, कुठं सुरू झालं, त्याला पत्ता नाही."

"ता मला कसा समजायचा? मला का वाचता येतंय?"

"तुम्ही बाजारात गिऱ्हाईकाशी बोलताना दम घेता ना? तसा तो घेतो का, एवढं ऐका. नसेल घेत तर पान उलटू नका."

बाईनं टोपली सावरली आणि गेली. आठवड्याभरात तिच्या चिऱ्यावर रेघ आली. तेव्हा तिनं शाळेत चार बांगडे पाठवले. गुरुजींनी ते माझ्याकडं सरकवले, कारण ते स्वतः सकाळ-संध्याकाळ पेज आणि लोणच्याची फोड यावर राहत.

गणिताचंही त्यांचं असंच होतं. पाढे शाळेत. हिशेब ज्याच्या त्याच्या घरचा. होडीवाल्याच्या पोराला विचारत, होडीवर माणसं सात, एक वाटा होडीचा, एक जाळ्याचा, तर मासळीचे वाटे किती पडले? ज्याच्या घरी भाताचं खळं होतं, त्याला भाताचा हिशेब. पोरं घरी जाऊन आजोबांना विचारून उत्तर आणत आणि कधी कधी आजोबाच चुकलेले निघत. मग गुरुजींचा चेहरा असा काही खुलायचा की विचारू नका. "आजोबांना सांग, पुन्हा एकदा त्या वाटेनं जाऊन या." चूक हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

या घरच्या हिशेबानं एकदा मोठी पंचाईत केली. वर्षातून एकदा तालुक्याहून साहेब तपासणीला येत. साहेब तिसरीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "दोन शेकडे नारळ म्हणजे किती नारळ?"

वंदना नावाची एक किरकोळ अंगाची मुलगी होती. हिशेबाला चलाख, वाचनाला मात्र फार रडकी. तिनं झटकन हात वर केला. "दोनशे आठ."

साहेब हसले. मी मान खाली घातली. गुरुजी म्हणाले, "बरोबर."

"गुरुजी?"

"साहेब, हिच्या घरची नारळाची बाग आहे. त्यांच्याकडं नारळ मोजताना शंभरावर चार वर टाकतात, वाटेत फुटले, नासके निघाले तर गिऱ्हाईक अडायला नको म्हणून. ही पोर ढिगाशी बसून मोजते. तिनं घरचा शेकडा सांगितला. तुम्ही शाळेचा विचारला होता, पण तसं म्हणाला नाहीत."

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, तिसरीचे गणित असमाधानकारक. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर दोन रकाने आखले, 'घरचा शेकडा' आणि 'शाळेचा शेकडा'. वंदनानं विचारलं, "मंग गुरजी, आंब्याचा? सुपारीचा?" झालं. गुरुजींनी तिसरी-चौथी साऱ्या वाडीवर सोडली, कोणाचा शंभर किती मोठा ते शोधून काढायला. पोरांनी बागवाल्यांना, होडीवाल्यांना, दुकानदाराला विचारून विचारून जेरीस आणलं. दुकानदार तर आठ दिवस शाळेवरून जायचा बंद झाला. मी त्यांना म्हटलं की साहेबांचा शेरा आपल्याला पुढंमागं महागात पडेल. गुरुजी म्हणाले, "शाळा पाच तासांची, घर एकोणीस तासांचं. साहेबाला पाचाचंच उत्तर हवं असतं."

हे सगळं ते का करत, याची मला भारी उत्सुकता होती. विचारलं की दर वेळी निराळं कारण मिळे. एकदा म्हणाले, जेवण पचतं. एकदा म्हणाले, लहानपणी आईला पोथी वाचून दाखवताना कंटाळून एक पान गाळलं, तर निरक्षर आईनं ओळखलं आणि आख्खा अध्याय पुन्हा वाचायला लावला. एकदा म्हणाले, त्यांचा पहिल्या नोकरीतला एक विद्यार्थी चौथी पास होऊन चार वर्षांत अक्षरं विसरून गेला, भेटला तेव्हा सही करायला लाजत होता. यातलं खरं कोणतं, मला आजही माहीत नाही. कदाचित सगळीच खरी असतील.

वंदनाच्या घराबाहेर ते सगळ्यात जास्त वेळ उभे राहत, कारण तिचं पान काही केल्या सरत नसे. तिची आई अबोल. शाळेत कधी आली नाही, चिऱ्यावर रोज गोल असे तरी भांडायला आली नाही. वडील मुंबईला गिरणीत. गावात सण आला की येणार, एरवी पत्र.

शिमग्याला ते आले. पालखी घरोघर येते, म्हणून मुंबईची सगळी माणसं गावात होती आणि अंगणं साफ करत होती. साफ करता करता त्यांना चिऱ्यांवरच्या खुणा दिसल्या. वंदनाच्या वडिलांनी बायकोला विचारलं. ती एवढंच म्हणाली की गुरुजी काढतात. दुसऱ्या घरांतल्या बायका नुसत्याच हसल्या. संध्याकाळी दुकानापाशी पाच-सहा जण बसले होते, तिथं त्यांनी मला गाठलं.

"मास्तर, ह्या खुणा कसल्या?"

सरळ सांगायला हवं होतं. पण चार माणसं ऐकत होती आणि मला गंमत करायची हौस आली. मी म्हटलं, "गुरुजींनाच विचारा. दिवे लागले की चपला हातात घेऊन घराघराबाहेर तेच तर फिरतात."

सगळे हसले. वंदनाचे वडील हसले नाहीत. मी पुढं काही बोलणार होतो, पण पालखी आली आणि विषय राहून गेला.

महिन्याभरानं तालुक्याला अर्ज गेला. मुंबईतल्या गावकऱ्यांच्या सह्या होत्या. मुख्याध्यापक, ज्या घरी पुरुष माणूस नाही अशा घरांभोवती अंधार पडताना फिरतात, भिंतींवर गुप्त खुणा करतात, आपली चाहूल लागू नये म्हणून चपला हातात घेतात, तरी त्यांची तातडीने बदली व्हावी. चपला हातात. माझंच वाक्य कोणीतरी नीट शब्दांत बसवून पाठवलं होतं. अर्जाची प्रत शाळेतही आली.

गुरुजींनी ती दोनदा वाचली. म्हणाले, "लिहिलंय चांगलं. स्वल्पविराम जिथल्या तिथं आहेत."

मी सगळं कबूल केलं. दुकानापाशी काय बोललो, कशासाठी बोललो, सगळं. ते म्हणाले, "खोटं काय सांगितलंत? हातात घेऊनच फिरतो." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बदलीचं मला काही नाही हो. एक पेटी आहे, ती उचलली की झालं. पण संध्याकाळी ऐकणार कोण?"

"मुलं वाचतील की तरी."

"ऐकणारं कोणी नसेल तर मोठ्यानं कोण वाचतं? चार दिवस वाचतील. मग दिवा लागला की पुस्तक खुंटीला."

एवढ्या महिन्यांत हा माणूस कशाला तरी घाबरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

चौकशीला आले ते तेच साहेब. त्यांनी बायकांना शाळेत बोलावलं. पंधरा-सोळा जणी आल्या, पदर सारखा करून पडवीत बसल्या. वंदनाची आई आली नव्हती.

"गुरुजी तुमच्या घरात येतात?"

"नाय."

"तुमच्याशी बोलतात?"

"नाय."

"मग करतात काय?"

मासेवाली म्हणाली, "हुबे ऱ्हातात."

"कशाला?"

"आयकायला."

"आणि त्या खुणा?"

"ती आमची मार्कं."

"मुलांची म्हणा."

"पोरांची पन आनि आमची पन. पान मी उलटतंय, पोर नाय उलटीत."

पडवीत खसखस पिकली. साहेबांनाही हसू आवरेना. माणूस वाईट नव्हता. पण मुंबईच्या सह्यांना त्यांना उत्तर द्यायचं होतं आणि शेरेबुकातला गणिताचा शेराही त्यांचाच होता. त्यांनी मधला मार्ग काढला. बदली नाही, मात्र शाळेच्या वेळेबाहेर कोणाच्याही घराजवळ जाणार नाही, असं गुरुजींनी लिहून द्यायचं. गुरुजींनी लिहून दिलं, वळणदार अक्षरात, खाली सही. साहेब साडेचारच्या एसटीनं गेले.

त्या दिवशी दिवेलागणीला गुरुजी शाळेच्या पायरीवर बसले होते. चपला पायात. या वेळी त्यांना बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि ते बघवेनाही. मला माझी शरम वाटत होती आणि ती बोलून दाखवण्यात काही अर्थ उरला नव्हता. मी त्यांच्या शेजारी नुसता बसून राहिलो.

मग जवळच्या घरातून एका पोराचा आवाज आला. रोजच्यापेक्षा पुष्कळ मोठा, जवळजवळ ओरडल्यासारखा. पाठोपाठ पलीकडच्या घरातून दुसरा. मी उठून पाहिलं. बायकांनी कंदील अंगणात आणले होते, पोरांना गडग्यावर बसवलं होतं, तोंडं शाळेकडे करून, आणि स्वतः पुस्तकं धरून उभ्या होत्या. तिसरीचा धडा, पहिलीची कविता, कुठं सतराचा पाढा, सगळं एकमेकांत मिसळून वाडीभर घुमत होतं. मासेवालीचा मुलगा जिथल्या तिथं दम घेत होता.

"काय हा कलकलाट," गुरुजी म्हणाले. "एकाचंही धड ऐकू येत नाही." पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि बोटांवर काही मोजत होते. मी समुद्राकडं तोंड फिरवलं.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "सतरा. एक घर कमी आहे."

कोणतं ते मला ठाऊक होतं, त्यांनाही. वंदनाच्या वडिलांची सही अर्जावर पहिली होती.

"मी लिहून दिलंय," गुरुजी म्हणाले. "तुम्ही काही लिहून दिलेलं नाही. जा, ऐकून या."

मी गेलो. घर वाडीच्या टोकाला, बागेला लागून. दार लावलेलं, खिडकीत मिणमिणता उजेड. आत सामसूम. मी गडग्याबाहेर उभा राहिलो. बराच वेळ काही ऐकू येईना आणि मी परतणार, तेवढ्यात एक आवाज कानावर आला. अगदी दबका. एकेक अक्षर लावत, मग शब्द, मग पुन्हा मागं. मला वाटलं, वंदनाचा घसा बसला असेल. वाक्य संपायला इतका वेळ लागत होता की शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरायला होई, आणि तो आवाज दर वेळी पुन्हा सुरुवातीपासून निघत होता. मध्येच तो थांबला आणि सरळ, रोजच्या सुरात म्हणाला, "वंदे, पांगरून घे गो नीट." आणि मग परत पहिल्या अक्षरापासून सुरू झाला.

तिचं वाक्य पुरं होईपर्यंत मी गडग्याशीच उभा राहिलो.

परत आलो तेव्हा बाकीच्या घरांतली वाचनं संपली होती आणि गुरुजी शाळेच्या अंगणात उभे होते.

"वाचतायत?"

"वाचतायत."

"अडखळत?"

"फार."

"वंदना ना?"

"वंदना झोपलीय. आई वाचतेय."

गुरुजींनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी परत घातली. मला वाटलं, आता ते खोलीत जाऊन दार लावून घेणार. पण ते म्हणाले, "तिसरीचं पुस्तक जड जात असेल त्यांना. तुमच्या वर्गात पहिलीचं एक जास्तीचं आहे ना? उद्या वंदनाकडं द्या."

"देतो. नाव तिच्या आईचं घालू?"

"घाला की. शाळेचं पुस्तक आहे, नाव हवंच." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "नाव काय त्यांचं?"

मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. इतके महिने आम्ही दोघं त्या गडग्याशी उभे राहत होतो आणि आमच्या तोंडी ती वंदनाची आई, एवढीच होती.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मी वंदनाला बाजूला घेऊन विचारलं. आईचं नाव मास्तर कशाला विचारतात ते तिला कळेना, पण तिनं सांगितलं. पहिलीच्या पुस्तकाच्या आतल्या पानावर, विद्यार्थ्याचं नाव लिहितात त्या ओळीवर, मी ते सावकाश आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, म्हणजे तिला ते एका दमात वाचता यावं. जनाबाई.